२१४७४८३६४७ : क्रमांक संपले त्या दिवसाचा घटनाक्रम

गुरुवार, ८ नोव्हेंबर २०१८. शिकागोच्या घड्याळात सकाळचे ७ वाजून २१ मिनिटं झाली होती. महाराष्ट्रात तेव्हा दिवाळी पाडव्याची संध्याकाळ होती, ६ वाजून ५१ मिनिटं. त्या मिनिटाला बेसकॅम्प ३ या सॉफ्टवेअरमध्ये लिहिणं बंद पडलं. कामांच्या याद्या, निरोप, वेळापत्रकं, फायली असा आपला रोजचा सगळा कारभार अनेक कंपन्या या एका जागी ठेवत होत्या. सर्व्हर चालू होते, जुनं सगळं वाचताही येत होतं. पण नवा शब्द आत जात नव्हता, कारण डेटाबेसमधल्या एका टेबलाचे क्रमांक संपले होते.

लग्नघटिका मोजायला पाण्यात सोडलेलं घटिकापात्र कधी बुडणार, हे त्याच्या बुडाच्या भोकावरून आधीच ठरलेलं असतं. या टेबलाचंही तसंच होतं. ते कधी भरणार हे ते तयार झालं त्याच दिवशी, त्याच्या पहिल्या कॉलमच्या रुंदीने ठरवून टाकलं होतं. म्हणून या दिवसाचा घटनाक्रम त्या सकाळच्या बऱ्याच आधीपासून सांगायला हवा.

जून १९७०

इंग्लंडमध्ये जन्मलेले गणिती एडगर कॉड तेव्हा आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत होते. 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकाच्या जूनच्या अंकात त्यांचा एक निबंध आला आणि आजचे बहुतेक डेटाबेस त्यातून निघाले. त्याआधी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहिती डिस्कवर कुठे आहे, कुठल्या क्रमाने आहे, एका नोंदीतून दुसरीकडे कसं जायचं, हे सगळं ठाऊक असावं लागे. मांडणी बदलली की प्रोग्रॅम मोडत. कॉड यांनी सुचवलं की माहिती टेबलांत मांडावी आणि प्रत्येक ओळ तिच्यातल्याच मूल्यावरून ओळखता यावी. ओळीची ओळख पटवणाऱ्या कॉलमला किंवा कॉलमांच्या गटाला त्यांनी प्रायमरी की म्हटलं. दुसऱ्या टेबलाला त्या ओळीबद्दल बोलायचं असेल तर त्याने तेच मूल्य आपल्याकडे लिहून ठेवायचं. ती फॉरेन की.

ती की किती बाइटांत मावणार, हा त्या निबंधाचा विषयच नव्हता. यंत्रातल्या साठवणुकीच्या कटकटीतून माणसाला मोकळं करणं हाच त्याचा हेतू होता, आणि तो बऱ्याच अंशी साधला. इतका, की पुढच्या पिढ्या टेबल तयार करताना साठवणुकीचा विचारच करेनाशा झाल्या.

२००४ ते २०१५

डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रॅमरने शिकागोच्या ३७सिग्नल्स या छोट्या कंपनीसाठी बेसकॅम्प लिहिलं. त्या कोडमधला सगळीकडे उपयोगी पडेल असा भाग वेगळा काढून त्यांनी २००४ मध्ये खुला केला. तेच रुबी ऑन रेल्स. म्हणजे या गोष्टीतलं उत्पादन आणि ते ज्या चौकटीवर उभं आहे ती चौकट, दोन्ही एकाच घरातली.

रेल्समध्ये टेबल करायला सांगितलं की न मागता पहिला कॉलम येतो, आयडी. पहिल्या ओळीला १, दुसऱ्या ओळीला २, असे क्रमांक डेटाबेस स्वतःच देत जातो. त्या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नसतो, आणि माझ्या मते तेच त्याचं बळ आहे. अर्थ असलेली की नेमायचा मोह सगळ्यांनाच होतो: ग्राहकाचा मोबाइल नंबर, ईमेल, पॅन. पण मोबाइल नंबर बंद पडला की काही काळाने तो दुसऱ्याला मिळतो. ईमेल माणूस मनात आलं की बदलतो. पॅनमधलं पाचवं अक्षर व्यक्तीच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन तोच राहतो, म्हणजे ते अक्षर आता कुणाचंच नसतं. बाहेरच्या जगाचा अर्थ की-मध्ये कोंबला की बाहेरचं जग बदलेल तेव्हा की खोटी पडते किंवा बदलावी लागते. आणि ती बदलायची म्हणजे तिचा उल्लेख करणारं प्रत्येक टेबल बदलायचं. आधारच्या रचनाकारांनी हे ओळखून तो बारा आकडी क्रमांक यादृच्छिक ठेवला. त्यात जिल्हा नाही, जन्मसाल नाही. शेवटचा आकडा फक्त आधीचे अकरा बरोबर टिपले गेले का, हे तपासण्यापुरता आहे.

तेव्हा अर्थहीन क्रमांक ही रेल्सची निवड योग्यच होती. घात त्या क्रमांकाच्या मापाने केला. तो कॉलम इंटिजर या प्रकारचा होता, म्हणजे चार बाइट, बत्तीस बिट. त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो. ओळीला उणे क्रमांक कुणी देत नाही, तरी निम्मी जागा त्यासाठी राखून ठेवलेली असते. उरलेल्या एकतीस बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा २१४७४८३६४७. आपल्या मोजणीने २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७.

एवढ्यात काय काय मावेल, हे टेबल कशाचं आहे यावर अवलंबून असतं. टेबलं ढोबळमानाने दोन जातींची असतात. काही टेबलांत माणसं किंवा वस्तू असतात: वापरकर्ते, कंपन्या, प्रकल्प. ही सावकाश वाढतात. ग्राहक दुप्पट झाले की ओळी दुप्पट. दुसरी टेबलं घडामोडींची. तिथे एकेक माणूस दिवसाला पन्नास-शंभर ओळी टाकतो, त्या कधी पुसल्या जात नाहीत, आणि ग्राहक वाढले की वाढीचा वेगच वाढतो. बेसकॅम्पचं इव्हेंट्स हे टेबल या दुसऱ्या जातीचं होतं. कुणी निरोप लिहिला, यादीतलं काम बदललं, एखाद्या प्रतिक्रियेला टाळी दिली की इव्हेंट्समध्ये एक ओळ. सगळ्या व्यवस्थेत सर्वांत जास्त राबणाऱ्या टेबलांपैकी हे एक. आणि त्याचा आयडी कॉलम वापरकर्त्यांच्या टेबलाला शोभेल एवढ्याच रुंदीचा.

बेसकॅम्प ३ नोव्हेंबर २०१५ मध्ये बाजारात आलं.

एप्रिल २०१७

रेल्सची ५.१ ही आवृत्ती आली. तिच्यात नव्या टेबलांचा आयडी कॉलम आपोआप बिग इंटिजर, म्हणजे आठ बाइटांचा होऊ लागला. मर्यादा गेली ९२२३३७२०३६८५४७७५८०७ वर. हा आकडा वाचूनही काही समजत नाही. एवढंच सांगतो की दिवसाला वीस लाखांच्या आसपास क्रमांक खर्ची घालत राहिलं तर तो संपायला सुमारे १,३०० कोटी वर्षं लागतील, आणि विश्वाचं वय आजघडीला १,३८० कोटी वर्षांच्या आसपास मानतात.

पण हा बदल नव्या टेबलांपुरता होता. जुन्या टेबलांना त्याने हात लावला नाही, आणि लावायलाही नको होता. चौकटीची आवृत्ती बदलली म्हणून कुणाच्या चालू डेटाबेसमधलं कोट्यवधी ओळींचं टेबल परस्पर नव्याने लिहायला घेणं हा दुसरा अपघात झाला असता. जुनी मायग्रेशन्स, म्हणजे टेबलांची रचना घडवणाऱ्या किंवा बदलणाऱ्या सूचना, पुन्हा चालवली तरी जुन्याच मापाचे कॉलम तयार व्हावेत, अशी सोयही मुद्दाम केलेली होती. त्यामुळे जुनी टेबलं एकेक करून तपासणं ज्याच्या त्याच्यावर आलं. त्या दिवशी इव्हेंट्सचा ताजा क्रमांक कुणी पाहिला असता आणि तो किती वेगाने वाढतोय हेही पाहिलं असता, तर साध्या त्रैराशिकाने पुढच्या वर्षीचा एक महिना समोर आला असता. चौकट लिहिणाऱ्यांच्या हातात इशारा होता आणि तो त्यांनी जगाला दिलाही. त्याच घरातलं एक टेबल तपासायचं राहिलं.

अठरा महिने गेले.

चोवीस तास आधी

साधा हिशेब मांडतो. बाजारात आल्यापासून त्या सकाळपर्यंत साधारण तीन वर्षं, म्हणजे अकराशे दिवसांच्या आत-बाहेर. २१४ कोटींना तेवढ्याने भागलं की दिवसाला सरासरी साडेएकोणीस लाख क्रमांक पडतात. ही सरासरी आहे; ग्राहक वाढत गेले असतील तर शेवटच्या दिवसांतला खरा वेग याहून बराच जास्त. शिवाय क्रमांक खर्ची पडायला ओळ टिकलीच पाहिजे असंही नाही. डेटाबेसमधला व्यवहार (ट्रान्झॅक्शन) अर्ध्यात रद्द झाला तरी त्याला दिलेला क्रमांक परत येत नाही.

सरासरीने मोजलं तर बुधवारी सकाळी या वेळेला वीस लाखांच्या आसपासच क्रमांक उरले होते. २१४ कोटींच्या एक हजारावा भागही नाही.

एक तास आधी

ऐंशी-ब्याऐंशी हजार. युरोपात दुपार झालेली, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कचेऱ्या उघडत होत्या. नोंदी वाढण्याचीच ही वेळ.

या तासात सॉफ्टवेअरची चाल जराही मंदावलेली नव्हती, आणि या प्रकारच्या बिघाडाचं हेच मला सर्वांत वाईट वाटतं. डिस्क भरत आली की आधी इशारा येतो, मेमरी कमी पडली की पानं रेंगाळतात, गर्दी वाढली की आलेख चढतो. ऑन-कॉल माणूस पाहतो ते सगळे आलेख अशाच गोष्टींचे असतात. आयडी कॉलममध्ये २१४ कोटी असोत की दोनशे चौदा, ओळ टाकायला तेवढाच वेळ लागतो. मुद्दाम आलेख लावला नसेल तर शेवटच्या क्रमांकापर्यंत सगळं हिरवं दिसतं.

एक मिनिट आधी : साधारण तेराशे क्रमांक. एक सेकंद आधी : बावीस-तेवीस.

सकाळी ७:२१ (भारतात संध्याकाळी ६:५१)

बेसकॅम्प मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालत होतं. मायएसक्यूएलचा मोजणारा काटा शेवटच्या आकड्याला पोचला की नेमकं काय होतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. २१४७४८३६४७ हा क्रमांक घेऊन शेवटची ओळ बिनबोभाट आत जाते. पुढची ओळ येते आणि क्रमांक मागते. काट्याला पुढे सरकायला जागा नसते, म्हणून तो पुन्हा तोच आकडा देतो, २१४७४८३६४७. आता प्रायमरी की आपलं काम चोख करते: हा क्रमांक आधीच आहे, एका क्रमांकाच्या दोन ओळी मी घेणार नाही. त्रुटीचा संदेश येतो, 'डुप्लिकेट एन्ट्री'. जागा संपली असं तो म्हणतच नाही. वाचणाऱ्याला वाटतं कुठेतरी एकच नोंद दोनदा टाकली जातेय, आणि तो कोडमध्ये दुबार नोंद शोधायला लागू शकतो. त्या संदेशातला आकडा ओळखीचा असेल त्यालाच खरं दुखणं कळतं.

तक्रार एका टेबलाची, मग सगळं लिहिणं का थांबावं? टेबलं ज्या कारणासाठी एकमेकांना जोडून ठेवतात त्याच कारणासाठी. अशा रचनेत निरोप लिहिला की निरोपांच्या टेबलात एक ओळ जाते आणि घडामोडींच्या टेबलात तिची नोंद. दोन्ही एकाच व्यवहारात बांधलेल्या असतात. एक गेली आणि एक राहिली असं होऊ नये म्हणून. नोंद नाकारली गेली की निरोपही मागे घेतला जातो. हा नियम बरोबरच आहे, अर्धवट माहिती आत जाण्यापेक्षा काहीच न गेलेलं बरं. पण त्यामुळे ज्या टेबलाला प्रत्येक कृती शिवते ते टेबल अडलं की सगळं अडतं. बेसकॅम्प ३ वाचण्यापुरतं उरलं.

सकाळी ७:२९

आठ मिनिटांत निदान झालं. घाबरगुंडीच्या वेळी आठ मिनिटं म्हणजे फार चपळ काम, आणि त्या चमूचं त्याबद्दल कौतुक करायला हवं. उपाय एका ओळीचा: आयडी कॉलमचा प्रकार इंटिजरवरून बिग इंटिजर करा. टाइप करायला अर्धं मिनिट.

पण प्रॉडक्शनवरच्या, ग्राहकांचा खरा डेटा असलेल्या टेबलावर तपासल्याशिवाय कुणी हात टाकत नाही. आधी स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीवर, मायग्रेशन चालवून पाहिलं.

सकाळी ७:५२ (संध्याकाळी ७:२२)

तपासणी पुरी झाली आणि प्रत्यक्ष टेबलावर काम सुरू झालं. अंदाज होता एक तास चाळीस मिनिटांचा.

प्रत्येक क्रमांकात चार बाइट वाढवायचे, त्याला एवढा वेळ का? मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवणपद्धतीत टेबल प्रायमरी की-च्या क्रमानेच डिस्कवर रचलेलं असतं. टेबल आणि त्याची प्रायमरी की ही एकच वस्तू. शिवाय त्या टेबलावरचा दुसरा प्रत्येक इंडेक्स, तारखेचा असो की प्रकल्पाचा, मूळ ओळ सापडावी म्हणून आपल्या प्रत्येक नोंदीला प्रायमरी की-ची प्रत जोडून ठेवतो. म्हणजे आयडी रुंद करायचा तर नवं टेबल उभारून जुन्यातली एकेक ओळ त्यात उतरवायची आणि सगळे इंडेक्स नव्याने बांधायचे. २१४ कोटी गुणिले चार बाइट, म्हणजे साधारण ८६० कोटी बाइट नुसत्या या एका कॉलमपायी वाढतात, आणि जितके इंडेक्स तितक्यांदा पुन्हा तेवढेच. हे चालू असताना त्या टेबलात कुणाला लिहू देत नाहीत.

अशा कामासाठी वेगळी साधनंही आहेत. पेर्कोनाचं पीटी-ऑनलाइन-स्कीमा-चेंज आहे, गिटहबने २०१६ मध्ये खुलं केलेलं घोस्ट आहे. ती बाजूला सावलीसारखं दुसरं टेबल तयार करतात, जुन्यातल्या ओळी थोड्या थोड्या उतरवत राहतात, मधल्या काळात आलेले बदलही तिकडे पोचवतात आणि शेवटी क्षणभरात नावांची अदलाबदल करतात. टेबल मोठं असेल तर दिवसच्या दिवस लागू शकतात, पण ग्राहकाला पत्ता लागत नाही. ही साधनं हाती असायला एकच गोष्ट लागते: मुदत उरलेली असणं. ७ वाजून २१ मिनिटांनंतर ती उरली नव्हती.

असंच आधी एका संकेतस्थळावर गुदरलं होतं. ९ नोव्हेंबर २००६. स्लॅशडॉट या त्या काळी फार वाचल्या जाणाऱ्या तंत्रज्ञान-संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांची संख्या १६७७७२१६ च्या पुढे गेली आणि व्यवस्था बिघडली. हा आकडा दोनचा चोविसावा घात. गंमत म्हणजे त्यांनी प्रायमरी की काही वर्षांपूर्वीच बत्तीस बिटांची करून ठेवली होती. राहिला होता तो 'ही प्रतिक्रिया कोणत्या प्रतिक्रियेला उत्तर आहे' हे सांगणारा कॉलम. तो चोवीस बिटांचाच होता. जी ओळख एका जागी रुंद झाली ती तिचा उल्लेख करणाऱ्या दुसऱ्या जागी अरुंद राहिली. एक कोटी अडुसष्ट लाख ओळींचं टेबल दुरुस्त करायला त्यांना तीन तासांहून जास्त लागतील असं दिसत होतं, आणि तेवढा वेळ कुणाला काही लिहिता येणार नव्हतं. प्रायमरी की-चा विचार तिच्या एकटीचा करून चालत नाही, हे मी नव्या माणसांना शिकवतो तेव्हा याच घटनेचा आधार घेतो. एका की-ची किती टेबलांत किती प्रतिबिंबं आहेत ते आधी मोजायचं.

इकडे शिकागोत साडेनऊ वाजून गेले. अंदाजाचा एक तास चाळीस मिनिटांचा अवधी संपला. मायग्रेशन चालूच होतं. ग्राहकांना वाचता येत होतं, म्हणजे आज कुठलं काम करायचं हे दिसत होतं. ते झालं अशी खूण करता येत नव्हती. अमेरिकेत गुरुवारच्या सकाळचा ऐन कामाचा वेळ असाच चालला होता.

सकाळी १०:५६ (रात्री १०:२६)

डेटाबेस रुंद झाले. तीन तास चार मिनिटं लागली.

यापुढे लगेच दार उघडता आलं असतं. त्यांनी उघडलं नाही, आणि माझ्या दृष्टीने त्या दिवसातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता. पहिला अपघात फक्त थांबण्याचा होता. एकही ओळ हरवली नव्हती. घाईने लिहिणं सुरू केलं असतं आणि एका डेटाबेसमध्ये काही ओळी कमी निघाल्या असत्या, तर पुढचं नुकसान भरून काढता येण्यासारखं नव्हतं.

सकाळी ११:३३, ११:५२

पडताळणी चालू. दोन डेटा सेंटर, प्रत्येकात चार, असे आठ डेटाबेस. सगळ्यांतली माहिती एकमेकांशी तंतोतंत जुळते का, हे पाहायचं होतं. ११:५२ ला सांगितलं गेलं की अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतोय.

दुपारी १२:२२ (रात्री ११:५२)

बेसकॅम्प ३ पुन्हा लिहितं झालं. सकाळपासून पाच तास.

थोड्याच मिनिटांत थांबलेली सगळी माणसं एकदम आत आली आणि त्या लोंढ्याखाली एक कॅशिंग सर्व्हर वाकला. तोही लवकरच सावरला. मोठ्या खोळंब्यानंतरचा हा दुसरा हेलकावा नेहमीचाच, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

त्यानंतर

हाइनमायर हॅन्सन कंपनीचे तंत्रप्रमुख होते. त्यांनी मिनिटांचा हा सगळा हिशेब त्याच दिवशी जाहीर केला. हे टाळता आलं असतं हेही त्यांनीच लिहिलं: चौकटीने दीड वर्षापूर्वी नवं माप आणलं होतं, तेव्हाच आपली जुनी टेबलं तपासायला हवी होती. हा हिशेब उघड झाला म्हणून आज इतरांना त्यातून काही घेता येतं.

मी यातून घेतलं ते असं. टेबल तयार करताना त्याची जात विचारायची. माणसांचं आहे की घडामोडींचं? घडामोडींचं असेल तर आठ बाइट, चर्चा नको. प्रत्येक ओळीमागचे चार जादा बाइट आज खुपतील, पण त्या गुरुवारच्या पाच तासांपुढे ते काहीच नाहीत. क्रमांकाऐवजी यूयूआयडी, म्हणजे कुठेही दुसऱ्यांदा येऊ नये अशी लांब ओळख, वापरावा असं सांगणारेही बरेच आहेत. त्याने क्रमांक संपण्याची भीती जाते, दोन सर्व्हर एकमेकांना न विचारता ओळख देऊ शकतात. पण तो सोळा बाइटांचा, प्रत्येक इंडेक्समध्ये त्याची प्रत जाणार, आणि पूर्ण यादृच्छिक असेल तर इनोडीबीसारख्या क्रमाने रचलेल्या टेबलात प्रत्येक नवी ओळ भलत्याच पानावर जाऊन पडते आणि लिहिणं जड होतं. मे २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या यूयूआयडीच्या सातव्या प्रकारात सुरुवातीला वेळ येते, त्यामुळे ओळी बऱ्यापैकी क्रमाने लागतात. विखुरलेल्या व्यवस्थेत मी तो घेईन. एका डेटाबेसच्या साध्या व्यवस्थेत बिग इंटिजर पुरतो.

बिग इंटिजर करून सगळं संपत नाही, कारण की डेटाबेसबाहेरही फिरते. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचा नेहमीचा आकडा ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच बिनचूक असतो. त्यापुढे शेवटचे अंक गुपचूप बदलतात. ट्विटरने २०१० मध्ये आपल्या क्रमांकांची नवी, मोठी पद्धत आणली तेव्हा म्हणूनच तोच क्रमांक मजकुराच्या रूपातही द्यायला सुरुवात केली. त्याच्या एक वर्ष आधी त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, ती मला फार आवडते. जून २००९ मध्ये ट्वीटचा क्रमांक २१४७४८३६४७ च्या जवळ आला. त्यांचा स्वतःचा डेटाबेस पुढचे क्रमांक घ्यायला तयार होता. इतरांनी लिहिलेली ॲप्स मोडण्याची भीती होती. मर्यादा अपरात्री आपोआप ओलांडली जाईल याची वाट न पाहता त्यांनी आधी जाहीर करून क्रमांक मुद्दाम पुढे ढकलायचं ठरवलं: शुक्रवार, १२ जून, सॅन फ्रान्सिस्कोतली दुपार, लोक जागे आणि कामावर असतानाची वेळ.

चालू डेटाबेससाठी तपासणी सोपी आहे. चार बाइटांचे सगळे कॉलम काढायचे, प्रायमरी की आणि त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या फॉरेन कीज, दोन्ही. प्रत्येकातला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, आठवड्याने पुन्हा घ्यायचा. फरकाने उरलेल्या जागेला भागलं की तारीख येते. ती तारीख दर आठवड्याला नव्याने काढायची, कारण वेग वाढत गेला की ती जवळ सरकते. आणि कॉलम निम्मा भरला, म्हणजे १०७ कोटी झाले, की काम हाती घ्यायचं. तेव्हा टेबल निम्म्याच आकाराचं असतं, घोस्टसारखं साधन शांतपणे चालवायला वेळ असतो, आणि नावांच्या अदलाबदलीसाठी रविवारची पहाट आपल्याला निवडता येते.